पालथा पाटा

(उत्तर ऑस्ट्रेलियातलं आर्नहेम लँड. भर दुपार. कड्याच्या पोटातल्या खणलेल्या खड्ड्यावर काळी ताडपत्री ताणलेली. तिच्याखाली लाल बॅटरीच्या अंधुक उजेडात तिघं जण: डल्सी, तिची मुलगी लोर्ना आणि जमिनीखालचं जुनं शोधणारा फर्गस. म्हातारी डल्सी जावयाकडे पाठ करून बसली आहे.)

लोर्ना : आई म्हणते, चमचा जरा हळू चालव.

फर्गस : सांग त्यांना, याहून हळू चालवला तर मला झोप लागली असं वाटेल.

डल्सी : ऐकू आलं. बहिरी नाही झाले अजून.

लोर्ना : घ्या! तुला त्याचं ऐकू येतं, त्याला तुझं ऐकू येतं. मग मी या भट्टीत घामानं निथळत मध्ये कशाला बसले आहे?

डल्सी : नातं आहे म्हणून. जावयाशी समोरासमोर गप्पा मारायला मी काय दुकानात बसते?

लोर्ना : जावई म्हणे! नाकाची सालं निघालेला, मेलबर्नहून आलेला जावई. आणि माझा खरा नवरा बाहेर गाडीखाली सावलीत पडून घोरतोय.

फर्गस : लोर्ना, कोपरा घट्ट दाबलायस ना?

लोर्ना : दाबलाय हो, नवरोबा. गुडघा आहे त्याच्यावर. खऱ्या नवऱ्याचे पाय दाबले नाहीत कधी, इथे ताडपत्री दाबतेय.

फर्गस : मी काय मुद्दाम केलं का हे?

लोर्ना : मग कुणी केलं? पहिल्याच वर्षी तो नदीपलीकडचा म्हातारा तुला म्हणाला, तू माझा धाकटा भाऊ. तू हुरळून गेलास. गळ्यात पडलास त्याच्या. पण भाऊ झालो तर त्याची सासू ती आपलीही सासू, एवढं विचारावंसं वाटलं नाही तुला?

फर्गस : मला काय माहीत, त्यांच्या सासूबाई म्हणजे—

लोर्ना : म्हणजे नेमकी या जागेची मालकीण! अख्ख्या मुलखात जिच्या परवानगीशिवाय तुला मूठभर माती उचलता येत नाही, तिच्याशीच तोंड उघडायची बंदी. असा हुशार माणूस मी पाहिला नाही.

फर्गस : बिचारा जॅ—

लोर्ना : गेलेल्याचं नाव घेऊ नकोस! जाऊन वर्ष नाही झालं त्याला.

फर्गस : चुकलो. म्हाताऱ्याचा जीव होता माझ्यावर, एवढंच म्हणत होतो.

डल्सी : विचार जावईबापूंना, वाळू कुठली काढताहेत.

लोर्ना : कुठली काढतोयस?

फर्गस : ठरली तीच. ही आडवी शिळा कड्यावरून कोसळलेली आहे ना, तिच्याखाली हात जाईल एवढी फट आहे. तिथली. एक पिशवी.

डल्सी : एकच.

लोर्ना : एकच, म्हणते.

फर्गस : एकच. आणि संध्याकाळी खड्डा बुजवायचा. कायमचा. माझ्या लक्षात आहे सगळं.

डल्सी : आता हे विचार, की ही वाळू उजेडाला एवढी का घाबरते. वर्षानुवर्षं माणसं येतात, काळं कापड टाकतात, आत शिरतात, घाम पुसत बाहेर येतात. मला कुणी धड सांगितलं नाही. आणि माझ्या जागेतून काय जातंय ते मी पाहिल्याशिवाय आज जाऊ देणार नाही, म्हणून तर या वयात शिडीनं उतरले.

फर्गस : सांग त्यांना, घाबरत नाही. विसरते.

लोर्ना : काय?

फर्गस : वाळूचा कण मातीखाली गाडला गेला, की त्याच्यात थोडं थोडं काहीतरी साठत जातं. आजूबाजूच्या दगडमातीतून मिळतं त्याला. किती हळू म्हणशील, तर आपण जन्मभर बसलो तरी कळणार नाही इतकं हळू. पण ऊन लागलं की सगळं रिकामं. मग पुन्हा पहिल्यापासून. म्हणून अंधारातच काढायची, अंधारातच न्यायची, आणि प्रयोगशाळेत किती साठलंय ते मोजायचं. त्यावरून कळतं, हिनं शेवटचं ऊन कधी पाहिलं.

लोर्ना : आई, वाळूला शेवटचं ऊन कधी लागलं ते तिला आठवतं म्हणे. बाहेर नेली की विसरते.

डल्सी : माझ्या आईचं असंच झालं होतं शेवटी. अंधारात बसली की सगळं आठवायचं. कोण कुठे जन्मलं, कुणाला कुठे पुरलं. उन्हात आणून बसवली की मला विचारायची, तू कुणाची गं?

लोर्ना : मला पण विचारायची.

डल्सी : तुला ओळखून विचारायची. आगाऊ होतीस.

फर्गस : म्हणजे कळलं त्यांना.

लोर्ना : तिला आधीच कळलं होतं. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. बरं, ते तुझे शत्रू काय म्हणतात सध्या? वाळवीवाले?

फर्गस : शत्रू नाहीत गं. चांगली माणसं आहेत.

लोर्ना : रेडिओवर तुला वेडा ठरवत होते, तरी चांगली?

फर्गस : वेडा नाही म्हणाले. घाई करतो म्हणाले. त्यांचं म्हणणं असं, की वाळू जुनी आहे, मान्य. पण त्या वाळूत सापडलेली दगडी हत्यारं तेवढी जुनी कशावरून? वाळवी वारूळ बांधताना खालची माती वर नेते. वर्षानुवर्षं हे चालतं. मग वरचे दगड हळूहळू खाली उतरतात, आणि जुन्या वाळूत जाऊन बसतात. म्हणजे माणसं या खंडावर उशिरा आली, मी उगाच त्यांना म्हातारं करतोय.

डल्सी : थांब. माझी माणसं इथे कधी आली, ते आता वाळवीला विचारायचं?

लोर्ना : तसंच दिसतंय, आई.

डल्सी : वाळवीनं माझं घर खाल्लं, कपाट खाल्लं, चर्चचा बाक खाल्ला. आता पूर्वजही खाणार.

फर्गस : सांग त्यांना, म्हणून तर ही शिळा! ही पडली आणि खालचं सगळं जिथल्या तिथे दडपलं गेलं. वरून काही घसरत यायला जागाच नाही. वाळवी शिरलेली नाही. शिळेखाली ऊन शेवटचं कधी पडलं ते कळलं, तर शिळेखाली जी वस्तू आहे ती निदान तेवढी जुनी. त्यावर कुणाला वाद घालता येणार नाही. साठ हजार वर्षं म्हणताना मी बिचकणार नाही.

डल्सी : जावईबापूंना आकडे फार आवडतात.

लोर्ना : आई म्हणते, तुला आकडे—

फर्गस : ऐकलं. सांग त्यांना, आकड्याचं नाही मला एवढं. मला त्या माणसांचं वाटतं. तेव्हा समुद्र आजच्यापेक्षा खाली होता, किनारे लांबवर गेलेले, तरी मध्ये पाणी होतंच. पलीकडचा काठ दिसत नाही असं पाणी. आणि कुणीतरी तराफा पाण्यात ढकलला. एकटादुकटा वाहत आला असता तर इथेच मेला असता, मागे कुणी उरलं नसतं. बायका होत्या त्यात, पोरं होती. ठरवून आली ती. विचार केला की अजून अंगावर काटा येतो माझ्या. आमच्यातले शहाणे म्हणत होते, त्या काळच्या माणसाला एवढी अक्कल नव्हती!

लोर्ना : पुरुषांना नसेल. बायकांनी ठरवलं असेल निघायचं.

डल्सी : मागच्या काठावर सासवा असतील.

लोर्ना : आई!

डल्सी : आणि त्यांना सांग, आम्ही समुद्रातून आलो हे आम्हाला ठाऊकच होतं. पहिली आई समुद्रातूनच चालत आली. डोक्यावरून पाठीवर झोळ्या सोडलेल्या, झोळ्यांत पोरं आणि कंद. जिथे बसली तिथे एकेक पोर ठेवलं, एकेक भाषा दिली. हे लहान पोरंही सांगतील. जावईबापूंचं एवढंच नवीन, की ते तिची तिथी काढताहेत.

फर्गस : तिथी! हे मात्र बरोबर बोलल्या. लोर्ना, पिशवी धर. तोंड उघडं धर, मी चमचा— हां, अशीच—

लोर्ना : अरे! अरे, टायर! हट्! आई, तुझा कुत्रा—

फर्गस : ऊन! खाली कर ते! लोर्ना, कोपरा!

लोर्ना : माझ्या मांडीखालून घुसला मेला! थांब, थांब, ओढते. झालं. केलं बंद.

डल्सी : टायर. इकडे ये. बस.

लोर्ना : जरासंच आलं रे. नुसतं डोकं घातलं त्यानं. फर्गस? डोळ्याचं पातं लवेपर्यंत तर होतं.

फर्गस : तेवढं पुरतं.

लोर्ना : विसरली?

फर्गस : पिशवी उघडी होती. चमच्यात होती ती तर सगळीच. पिशवीतल्या कुठल्या कणांनी ऊन पाहिलं, कुठल्यांनी नाही, आता कोण सांगणार? अशी वाळू नेली तर वाळवीवाल्यांनी हसायला नको, मीच हसेन.

लोर्ना : माझ्यामुळे झालं. बोलण्याच्या नादात गुडघा सैल पडला.

फर्गस : तुझ्यामुळे नाही. कोपऱ्यावर आतून-बाहेरून दगड ठेवायला हवे होते.

लोर्ना : मग दुसरी पिशवी घे. फट तर तशीच आहे ना? आतल्या वाळूनं काही पाहिलं नाही.

फर्गस : आत पोचलं नाही ऊन. पण एकच ठरली होती.

लोर्ना : आई, दुसरी—

डल्सी : एकच ठरली होती.

लोर्ना : अगं, कुत्रा आपला!

डल्सी : कुत्रा आपला, पण शब्द माझा. सकाळी कड्यासमोर उभी राहून मी जुन्या माणसांना हाक मारून काय सांगितलं? की मी आहे, माझ्याबरोबर ही माणसं आहेत, एक मूठ वाळू नेताहेत, रागावू नका. एक सांगायची आणि दोन न्यायच्या? मग पुढच्या वेळी माझी हाक ते ऐकतील कशाला?

लोर्ना : पुढची वेळ नाहीच आहे. संध्याकाळी बुजवायचाय खड्डा.

डल्सी : मग तर अजिबात नाही.

फर्गस : राहू दे, लोर्ना.

लोर्ना : काय राहू दे? केस पिकले तुझे या एका मुठीसाठी!

फर्गस : राहू दे म्हटलं ना. त्यांना पेचात टाकू नकोस. तू आधी बाहेर जाऊन कोपऱ्यावर दगड ठेव, नाहीतर वारा आत शिरेल. थांब, फट झाकून घेतो. हं. जा आता.

लोर्ना : आई, चल मग तू पण. तुम्हा दोघांना असं ठेवून कशी जाऊ?

डल्सी : उतरवायला दोघं जण लागले होते मला. चढायला तुझ्या त्या घोरणाऱ्याला उठव आधी.

लोर्ना : मग मध्ये कोण बसणार?

डल्सी : टायर आहे की.

लोर्ना : वा! चोरालाच पंच केला. बसा मग कुत्र्याला घेऊन. आलेच मी.

फर्गस : टायर.

डल्सी : शेपूट हलवतोय. ऐकतोय तो.

फर्गस : टायर, तुझ्यावर राग नाही हं. गरम होत होतं तुला. सावली बघून आलास.

डल्सी : टायर, त्यांचा नसेल, माझा आहे. आज रानहंसाचं हाड मिळणार नाही तुला. मागच्या आठवड्यात जावईबापूंनी दाराशी ठेवलेला हंस अर्धा तूच लांबवलास.

फर्गस : तरीच! मला वाटलं, सासूबाईंना आवडला नाही.

डल्सी : टायर, आवडला. चरबी चांगली होती. चार पिसं राहिली होती, पण माणूस शिकतो हळूहळू.

फर्गस : टायर, तुला म्हणून सांगतो. पहिली दोनतीन वर्षं मी फार कुढलो. वाटायचं, कुठून त्या म्हाताऱ्याचा भाऊ झालो! जिथे बोलायचं तिथेच कुलूप. इतकं विचारायचं होतं सासूबाईंना.

डल्सी : टायर, तो म्हातारा कुणाच्या सांगण्यावरून वागायचा, विचार त्यांना.

फर्गस : म्हणजे?

डल्सी : तू नवीन आलास— टायर, हे नवीन आले तेव्हा रोज सकाळी माझ्या चुलीसमोर येऊन बसायचे. हे काय, ते काय, का, कधी, कुठे. चहा निवायचा माझा. मनानं वाईट नव्हते, पण प्रश्नांनी माणूस सोलून काढायचे. मी नदीपलीकडे निरोप धाडला. म्हटलं, याला भाऊ करून घे.

फर्गस : सासूबाईंनी? मुद्दाम?

डल्सी : परक्याला हाकललं की तो जातो, आणि बाहेर जाऊन काहीबाही लिहितो. मुलगा मानला असता तर मांडीवर बसून हट्ट केला असता. जावई केला. जावई तोंड वर करून बोलत नाही, मांस आणून ठेवतो, आणि कुठे जात नाही. सगळ्यात मानाचं नातं दिलं, टायर. त्यांना ती शिक्षा वाटली. हसतायत का ते?

फर्गस : टायर, हसतोय. आणि लाजही वाटतेय थोडी.

डल्सी : आता मी एक विचारते तुला, टायर. लोर्ना यायच्या आत. तिच्यासमोर विचारलं तर ती म्हणेल, म्हातारी झालीस.

फर्गस : टायर कान देऊन ऐकतोय.

डल्सी : हे मला दर वर्षी सांगतात, किती हजार वर्षं. मी ते कधी विचारलं नाही. मला दुसरंच हवं होतं. ही शिळा पडली तेव्हा… खाली कुणी होतं का? रात्री अंथरुणावर पडले की तेच मनात येतं. कुणी बसलेली असेल. काम करत असेल. वर बघायलाही वेळ मिळाला नसेल. तसं असेल तर ही फट नाही, ते तिचं थडगं आहे. मग तिथली एक मूठसुद्धा मी द्यायला नको होती. म्हणून एकच दिली. म्हणून खड्डा बुजवायला लावतेय. आणि म्हणून इथे येऊन बसले. कुणी असलंच तर निदान घरची बाई सोबत असावी.

फर्गस : टायर, खरं सांगतो. माझा हात कोपरापर्यंत जातो, त्यापलीकडचं मला माहीत नाही. हाताला हाड लागलं नाही. पण लागलं नाही म्हणजे नाहीच, असं मी म्हणणार नाही.

डल्सी : बघ. "नाही" म्हणाले असते तर मी लगेच दुसरी पिशवी दिली असती. त्यांनाही ठाऊक आहे ते. तरी खोटं नाही बोलले.

फर्गस : पण एक वस्तू लागली हाताला. आज सकाळीच. मी सगळं नीट बघून मग सांगणार होतो.

डल्सी : काय?

फर्गस : पाटा आहे. गेरू वाटायचा. कडेला अजून लाल आहे, बोटाला लागलं माझ्या. लोर्ना आली की बघेल, मी पुसलं नाहीये.

डल्सी : बाईचा पाटा.

फर्गस : मी उचलला नाही. नुसती बोटं फिरवली. वरून खडबडीत लागला, साधा दगड असावा तसा. मग कडेनं बोटं खाली घातली, तर तिथे गुळगुळीत. मधे खोलगट. वाटून वाटून झिजलेला.

डल्सी : म्हणजे तोंड खाली.

फर्गस : खाली. आणि टायर, तुला ठाऊकच आहे, मला तुझ्या मालकिणीच्या तोंडाकडे बघायची बंदी. मग इतकी वर्षं मी त्या घरी जाऊन काय बघत आलो? मासा ठेवायचा, हंस ठेवायचा, पाठ फिरवायची. पाठ फिरवली की समोर आंबा, आणि आंब्याखाली सासूबाईंचा पाटा. तो मी कधी उताणा पाहिला नाही. त्या बसल्या असतील तेव्हाच उताणा. उठल्या की पालथा. गावाला गेल्या की पालथा.

डल्सी : माझ्या आईनं शिकवलं. तिला तिच्या आईनं. उताणा ठेवला की पाखरं घाण करतात, पानं कुजतात. काम झालं, पुसला, पालथा घातला, निघालो.

फर्गस : आणि वाटता वाटता कुणी घाबरून उठलं तर?

डल्सी : तर कशाला पालथा घालत बसेल? तसाच टाकून पळेल. किंवा…

फर्गस : किंवा पाटा तिच्यासमोर उताणाच राहील. टायर, मी शास्त्र म्हणून हे छातीठोकपणे सांगणार नाही. कुठे लिहिणारही नाही. पण सासूबाईंचा जावई म्हणून विचारशील तर, ती उठली होती. काम संपवून, आवरून गेली होती. शिळा मागाहून पडली.

डल्सी : पुसून. पालथा घालून.

फर्गस : हो.

डल्सी : माझ्यासारखा.

फर्गस : अगदी तसाच.

डल्सी : टायर, मला रडू येतंय. जावयांना सांगू नकोस.

फर्गस : टायर, मला काही ऐकू आलं नाही.

डल्सी : एवढी वर्षं मी त्या बाईसाठी जीव जाळला रे. आणि ती आपली घरी गेली होती. पोरांना खायला घालत असेल. धडाम् आवाज झाला असेल, तेव्हा म्हणाली असेल, अगंबाई, माझा पाटा!

लोर्ना : आले गं बाई! वारा आणि ऊन, नको जीव झाला. फर्गस, आत येऊ? वाळू झाकलेली आहे ना? हं. दगड ठेवले सगळीकडे. खरा नवराही उठवलाय, तो बाहेर ताडपत्रीवर बसलाय, आता हत्ती आला तरी उचलायची नाही. काय झालं इकडे? आई, डोळे का पुसतेस?

डल्सी : घाम आहे. लोर्ना, मला उभी कर. शिळेकडे तोंड करून.

लोर्ना : का?

डल्सी : कर म्हटलं की करावं. हं. काठी दे. … ऐका हो! मी आहे, तुमची मुलगी, या जागेची! सकाळी आले होते तीच! एक मूठ म्हटलं होतं, ती माझ्या कुत्र्यानं नासवली. ती इथेच परत ठेवतोय. दुसरी नेतोय. काढणारा माणूस परका नाही, आमचा जावई आहे, म्हणजे तुमचाही! हात हलका आहे त्याचा. माझ्याकडे वर तोंड करून बघितलं नाही कधी. खोटं बोलला नाही. नेऊ द्या त्याला! झालं. बसव मला. जावईबापूंना सांग, घ्या म्हणावं.

लोर्ना : आई म्हणते… फर्गस, आई म्हणते, घे. अरे, काय बघतोस, चमचा घे! काय केलंस तू? मी अर्धा तास डोकं फोडलं असतं तरी ही हलली नसती.

फर्गस : मी काही नाही केलं. टायरनं केलं. पिशवी धर.

डल्सी : आणि मोजून झाली की उरेल ती वाळू परत आणायची. इथेच टाकायची. ऊन बघून विसरली असेल, असू दे. पुन्हा पहिल्यापासून आठवायला लागेल.

फर्गस : सांग त्यांना, मी स्वतः आणीन.

लोर्ना : हे काय रे तुझ्या बोटाला? रक्त आलंय?

फर्गस : गेरू आहे.

लोर्ना : गेरू? शिळेखालचा? म्हणजे आत काही आहे? फर्गस!

फर्गस : पाटा आहे. दिवा खाली धर जरा.

लोर्ना : पाटा! मग वाळू काय घेऊन बसलायस! तो काढ ना बाहेर! तो दाखवलास की वाळवीवाल्यांची तोंडं कायमची बंद. आई, अगं, पाटा सापडलाय, काचेच्या पेटीत ठेवतील, सगळं जग येईल बघायला!

फर्गस : नको, लोर्ना.

लोर्ना : काय नको? नुसत्या वाळूवर विश्वास ठेवतील ते?

फर्गस : काही ठेवतील. काही वाळवीच धरून बसतील. बसू दे. झाली पिशवी. तोंड बांध, दुसऱ्या काळ्या पिशवीत घाल, ती डब्यात. आता ही नासलेली दे इकडे, ज्या जागची त्या जागी ओततो. … लोर्ना, सांग त्यांना, सकाळी माझी बोटं लागून पाटा थोडा सरकला होता. होता तसा केलाय. तोंड खालीच आहे.

लोर्ना : तुम्ही दोघांनी उन्हानं डोकं फिरवून घेतलंय, तेही अंधारात बसून. आई, तू तरी सांग. एवढा पाटा, एवढ्या वर्षांनी हाताला लागलेला, आणि आपण वर माती लोटून निघून जायचं? कुणासाठी ठेवायचा तो असा?

डल्सी : जिचा आहे तिच्यासाठी. पालथा घालून गेलीय ना. म्हणजे परत येणार आहे.